सात बाय पन्नास

"दिसला का?" आण्णांनी विचारलं.

"दिसला की," आई म्हणाल्या. "छान आहे."

मी त्यांच्या मागंच उभी होते. गच्चीवर निम्मी गल्ली जमली होती. वायव्येला, साखर कारखान्याच्या धुराड्याच्या वर, धूमकेतू लख्ख उमटला होता. झाडून सगळ्यांची तोंडं तिकडं होती. फक्त आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारच्या नेवशांच्या पाण्याच्या टाकीकडं बघत होत्या. बघत होत्या आणि मान डोलवत होत्या.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमधली. लग्न होऊन मी फलटणला नुकतीच आले होते. माझा नवरा विक्रांत, त्याची नोकरी भरूचला. तिथं क्वार्टर मिळेपर्यंत मी सासरीच राहायचं ठरलं होतं. माझं डोळे तपासण्याचं शिक्षण झालेलं, म्हणून गावातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडं चष्म्याचे नंबर काढायचं काम मी धरलं होतं. घरात आम्ही तिघंच: मी, आई आणि आण्णा.

आण्णा म्हणजे माझे सासरे, दत्ताजीराव नलवडे. पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते. उभी हयात कालव्यांच्या कडेनं, तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून गेली. दिवसा जमिनीची पातळी बघायची आणि संध्याकाळी आकाश. खात्याची दुर्बीण खात्याला परत गेली, पण आकाश सुटलं नाही. गावात कुणी भेटलं की त्याला उभ्या उभ्या एखादं नक्षत्र दाखवल्याशिवाय ते सोडत नसत. धूमकेतू आल्यापासून तर त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. रोज संध्याकाळी गच्चीवर माणसं बोलवायची, बोट लांब करून दाखवायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, दिसला का?

आई त्यात चहा घेऊन यायच्या, "दिसला" म्हणायच्या आणि खाली जायच्या.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या पाठोपाठ खाली गेले. स्वयंपाकघरात त्या भाकरीला बसल्या होत्या. मी परातीशेजारी बसले आणि सरळच विचारलं, "आई, तुम्हाला तो दिसला नाही ना?"

त्यांचे हात थांबले नाहीत. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना बोलायचं नाही."

एवढंच. का, कशासाठी, काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गर्दी नसताना मी त्यांना बोलावून घेतलं. आईंचा चष्मा जाड, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तो किती अपुरा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्यांदा चष्मा लागला तेव्हा पूर्ण नंबरानं त्यांना गरगरायला लागलं होतं, म्हणून कुणीतरी मुद्दामच कमी नंबर दिला होता. पुढं नंबर वाढत गेला आणि चष्मा आहे तिथंच राहिला. चष्मा लावूनही त्यांना वर आणखी तीन नंबर हवा होता. भाकरी दिसायची, सुई दिसायची, पोथी दिसायची. अंगणाच्या फाटकाशी उभा माणूस मात्र त्या चालीवरून आणि आवाजावरून ओळखायच्या. आणि तारे? तीन नंबर कमी असलेल्या डोळ्याला तारा ठिपका म्हणून दिसतच नाही. त्याचा उजेड पसरून विरून जातो. सगळं आकाश म्हणजे नुसता काळोख.

डॉक्टरांनी डोळ्याच्या आतला पडदा तपासला, तो शाबूत होता. नवा चष्मा करू, पण नंबर हळूहळू चढवू, असं ते म्हणाले. एवढ्या नंबरची भिंगं बाहेरून मागवावी लागायची. महिना तरी जाणार होता.

"मग राहू दे," आई म्हणाल्या. "तोवर तो जाईल."

मी त्यांच्याकडं बघितलं. म्हणजे त्यांना बघायचा होता तर!

त्या रात्री मला एक कल्पना सुचली आणि मी अंथरुणात उठूनच बसले. दोन डोळ्यांच्या दुर्बिणीला मधे एक चाक असतं. ते फिरवून जवळचं, लांबचं स्पष्ट करता येतं. पण ते चाक लांबच्या खुणेच्याही थोडं पुढं फिरतं, आणि तेवढ्या फिरण्यात दोन-तीन नंबर सहज भरून निघतात. आईंनी आपला चष्मा लावूनच दुर्बीण धरली आणि चाक तेवढं पुढं नेलं, तर त्यांचे उरलेले तीन नंबर दुर्बीणच भरून काढणार होती. नवा चष्मा नको, गरगरणं नको, महिनाभर थांबणं नको.

फक्त दुर्बीण तशी हवी. जाड चष्म्यामुळं डोळा दुर्बिणीपासून लांब राहतो, आणि पुष्कळशा दुर्बिणींतून मग कुलपाच्या भोकातून बघितल्यासारखं इवलंसं दिसतं. ज्यांना आकाशात कधी काहीच सापडलेलं नाही त्यांना असलं भोक देऊन काय उपयोग? रुंद दिसायला हवं. हात हलला तरी चित्र हलायला नको. म्हणजे कमी पटीची, मोठ्या भिंगांची, रबरी कडा दुमडता येणारी.

सकाळी उठून बघते तर आण्णा चहा पिता पिता म्हणाले, "हेमांगी, मी ठरवलंय. दुर्बीण घ्यायचीच. पुण्याला जाऊ. वीस पटीची घेऊ."

दुर्बीण तर येणार होती, पण नेमकी नको ती. वीस पटीची आईंच्या डोळ्याला लावून काही होणार नव्हतं. आणि खरं कारण सांगायला मला बंदी होती.

"मी पण येते," आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "माझ्या ताईकडं जाऊन येईन म्हणते."

पुण्याला जाणाऱ्या एसटीत मी आईंशेजारी बसले आणि हळू आवाजात सगळं समजावलं. चाक कुठं असतं, ते कुठल्या बाजूला फिरवायचं, रबर कसं दुमडायचं. त्या खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. नीरेचा पूल गेला तसं म्हणाल्या, "बोटानं फिरवायचं का अंगठ्यानं?" तेवढ्यावरून मला कळलं की त्या तयार आहेत.

कॅम्पातलं दुकान जुनं होतं. काचेच्या कपाटात कॅमेरे, होकायंत्रं, दुर्बिणी. मालक पांढऱ्या टोपीचे, मऊ बोलणारे. आण्णांनी धूमकेतूचं नाव काढल्याबरोबर त्यांनी वीस पटीची काळी लांबट दुर्बीण काउंटरवर ठेवली. सध्या हीच खपतेय, म्हणाले. आण्णांनी ती दोन्ही हातांनी उचलली तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या पहिलवानाला गदा मिळावी तसा झाला.

मी म्हटलं, एक सात पटीची, पन्नास मिलिमीटर भिंगांची पण दाखवा.

"सात कुठं आणि वीस कुठं," आण्णा म्हणाले. "माझं आयुष्य दुर्बिणीतून बघण्यात गेलंय, पोरी."

"म्हणूनच म्हणते, आण्णा. तुम्ही दोन्ही पारखून बघा."

नवी सून, भर दुकानात, सासऱ्यांशी दुर्बिणीवरून वाद घालतेय. पण आण्णा मोजणीदार होते. पारखून बघा म्हटलं की त्यांना नाही म्हणता यायचं नाही. आम्ही दोन्ही दुर्बिणी घेऊन दुकानाच्या पायरीवर आलो. रस्त्यापलीकडं एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर शिंप्याची पाटी होती. आण्णांनी आधी वीस पटीची लावली. बराच वेळ त्यांना पाटीच सापडेना. सापडली ती अक्षरं नाचायला लागली. त्यांनी कोपर दाराच्या चौकटीला टेकवलं, श्वास रोखला, तरी अक्षरं काही थांबली नाहीत.

"हाताची थरथर पण वीस पट होते," मी म्हटलं.

"तिपाई लावू."

"लावू. पण धूमकेतूचं शेपूट केवढं लांब आहे. ह्यात डोकं दिसलं तर शेपूट बाहेर, आणि शेपूट धरलं तर डोकं बाहेर."

त्यांनी वीस पटीची खाली घेतली. सात पटीची लावली. पाटी छोटी दिसली, पण जागेवर उभी राहिली. पाटीबरोबर तिच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या आल्या, वरचं छप्पर आलं. आण्णांनी पुन्हा वीस पटीची लावली, पुन्हा सातची. मग हात लांब करून दोन्ही दुर्बिणींच्या डोळ्याकडच्या भिंगांत उजेडाची टिकली केवढी पडते ते मी त्यांना दाखवलं. एकीत मुगाच्या दाण्याएवढी, दुसरीत चांगली वाटाण्याएवढी. काळोखात बाहुली मोठी होते, तेव्हा एवढा सगळा उजेड डोळ्यात जाणार, मी सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. पटलं की त्यांना अशीच आठी पडायची, पण त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, संपलं.

ते मालकांशी तिपाईच्या गोष्टी बोलायला आत वळले. मी सात पटीची दुर्बीण आईंच्या हातात दिली आणि मोठ्यानं म्हटलं, "आई, धरून बघा, तुम्हाला जड होतेय का."

आईंनी रबर दुमडलं. एसटीत सांगितलं होतं तस्संच. चष्म्याला दुर्बीण टेकवली आणि रस्त्यापलीकडं धरली. मधलं बोट चाकावर गेलं. चाक फिरत गेलं, फिरत गेलं, आणि एका जागी थांबलं. मागं आलं, पुन्हा पुढं गेलं. मग त्या निश्चल झाल्या. रस्त्यावरून रिक्षा गेल्या, एक टेम्पो गेला, माणसं गेली. आईंचे ओठ किंचित उघडे होते.

"त्या खिडकीत मांजर आहे," त्या म्हणाल्या.

आण्णांनी आतून वळून बघितलं. "असेल. त्यात काय?"

"पिवळं आहे. मिश्या पांढऱ्या आहेत त्याच्या." आई दुर्बीण खाली घेईनात. "आणि वर तारेवर कुणीतरी पातळ वाळत घातलंय. त्याला बुट्ट्या आहेत."

आण्णांना यातलं काहीच उमगलं नव्हतं. मांजर काय, पातळ काय, असं म्हणत ते पायरीवर आले. आईंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली, पण हातांतून सोडली नाही. पोटाशी धरली.

"हीच घ्या," त्या म्हणाल्या.

"अगं, वीसची—"

"ती घ्यायची तर तुम्ही घ्या. मला ही पाहिजे."

आण्णा त्यांच्याकडं बघतच राहिले. आई "मला पाहिजे" म्हणाल्या, हे मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होते. आण्णांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनीही फारसं ऐकलं नसावं. त्यांनी काउंटरवरच्या वीस पटीच्या दुर्बिणीकडं एकदा बघितलं, तिच्यावरून हात फिरवला आणि ती मालकांकडं सरकवली.

"सात बाय पन्नास बांधा," ते म्हणाले. "सूनबाईचं म्हणणं मोजून बघितलंय मी. बरोबर आहे."

ताईकडं जायचं राहूनच गेलं. परतीच्या एसटीत दुर्बिणीचं खोकं आईंच्या मांडीवर होतं.

आणि फलटणला पोचलो तर आभाळ भरून आलेलं. ती संध्याकाळ ढगात गेली. दुसरीही. दिवसभर उन्हाची काहिली आणि संध्याकाळ झाली की पश्चिमेला काळाकुट्ट पडदा. धूमकेतू रोज थोडा थोडा खाली चालला होता. वर चंद्रही मोठा होत होता. आण्णा दर थोड्या वेळानं गच्चीवर जाऊन यायचे. आई जायच्या नाहीत, पण आण्णा खाली आले की त्यांच्याकडं बघायच्या. मी दवाखान्यात एका माणसाचा डावा-उजवा नंबर उलटा लिहिला आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा सुटला आणि आभाळ धुतल्यासारखं निघालं. आण्णा शेजाऱ्यांना हाक मारायला निघाले, तशा आई म्हणाल्या, आज गच्चीवर नको, कालव्यापलीकडच्या माळावर जाऊ, तिथं दिवे नाहीत. आपण तिघंच. आण्णांना नवल वाटलं, पण ते तयार झाले.

माळावर पोचलो तेव्हा पश्चिमेला अजून तांबूस होतं. बाभळींच्या वर एकेक तारा फुटायला लागला. मग तो दिसला. खाली उतरला होता, तरी अजून तेजस्वी, शेपूट वर उभारलेलं. आण्णांनी दुर्बीण लावली आणि त्यांच्या तोंडून नुसता हुंकार निघाला. सगळाच्या सगळा मावला, म्हणाले. डोकं, शेपूट, मागचे तारे, सगळं एकाच वेळी. एक नाही, दोन शेपटं आहेत. एक पिवळसर, रुंद. दुसरं निळं, दोरीसारखं. ते बघत होते आणि बोलत होते, बोलत होते आणि बघत होते. शेवटी मोठ्या नाखुशीनं त्यांनी दुर्बीण आईंकडं दिली.

"धर. बाभळीच्या शेंड्यावरून जरा वर घे. सापडला का?"

आईंनी रबर दुमडलं, चाक फिरवलं. दुर्बीण बाभळीवरून हळूहळू वर चढली. थोडी पुढं गेली, परत आली. थांबली.

"सापडला का?" आण्णांनी पुन्हा विचारलं.

आई होत्या तिथंच खाली बसल्या, माळावरच्या खड्यांत, दुर्बीण डोळ्यांना तशीच लावलेली. मला वाटलं चक्कर आली. मी पुढं झाले. पण त्यांनी मला कोपरानं बाजूला केलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "याला शेपूट आहे."

आण्णा हसले. "म्हणजे? इतके दिवस बघतेयस की."

"नाही."

"काय नाही?"

"मी नाही बघितला. आजच बघतेय."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. आई दुर्बीण न काढताच बोलत होत्या. बहुधा म्हणूनच त्यांना बोलता येत होतं.

"दाखवायच्या कार्यक्रमात मला चष्म्याशिवाय बसवलं होतं. लग्नातही तसंच. भटजींनी अरुंधती दाखवा म्हणून सांगितलं. तुम्ही बोट केलंत, विचारलंत दिसली का. मी हो म्हटलं. नाही म्हणाले असते तर वडिलांनी लपवलेलं तिथंच उघड झालं असतं. पुढं चष्मा आला. तुम्ही काहीसुद्धा बोलला नाहीत. पण तोवर तुमचं मला निम्मं आकाश दाखवून झालं होतं."

"मग मृग?" आण्णांचा आवाज बारीक झाला होता.

"नाही."

"कृत्तिका? मी तुला मोजायला लावल्या होत्या. सहा म्हणाली होतीस."

"सहा असतात हे तुम्हीच आधी सांगितलं होतंत."

"आणि वीरच्या धरणावर, त्या उल्का पडत होत्या तेव्हा?"

"तुम्ही ओरडत होता. तुमच्या ओरडण्याकडं बघून मला मजा यायची." आईंनी आता दुर्बीण खाली घेतली. "तुम्ही बोट करायचा ना, मी त्या बोटाकडं बघायची. त्याच्या पुढं मला कधी काही दिसलंच नाही."

आण्णा कालव्याच्या बाजूला चालत गेले. आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस घरी जाईपर्यंत बोलणार नाही. कदाचित पुढं कधीच कुणाला आकाश दाखवणार नाही. मी आईंचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि पुन्हा दुर्बीण उचलली.

पुढं जूनमध्ये त्यांचा नवा चष्मा आला. पहिले काही दिवस त्या भिंत धरून चालत होत्या आणि मग सवय झाली. आण्णांनीच हात धरून त्यांना अंगणातून फिरवलं. पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी माळावर मला एवढंच दिसत होतं की एक माणूस पाठ करून उभा आहे आणि त्याच्या बायकोला त्याची समजूत काढायला वेळ नाही. तिला आख्खं आकाश बघायचं होतं. दुर्बीण धूमकेतूवरून वर सरकली, आणखी वर गेली. आई मागं मागं वाकल्या आणि शेवटी सरळ पाठीवर आडव्या झाल्या, पदर खड्यांत, पाय पसरलेले.

"अहो," त्यांनी हाक मारली. "इकडं या. इथं डोक्यावर लाह्या सांडल्यात."

आण्णा हलले नाहीत.

"या हो. पांढऱ्या लाह्या. मूठभर असतील. तुम्ही ह्या मला कधी दाखवल्या नाहीत."

मग मात्र ते वळले. "कुठं?"

"अगदी वर."

"पुष्य असेल तो," ते जवळ येत म्हणाले. आवाज अजून दुखावलेला होता, पण पावलं भरभर पडत होती. "नुसत्या डोळ्यांना पुसट डाग दिसतो. त्यात तारे असतात असं वाचलंय. मी काही बघितलेले नाहीत."

"मग झोपा इथं."

आण्णा त्यांच्या शेजारी माळावर आडवे झाले. आईंनी दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि त्यांचं मनगट धरलं. शेजारी शेजारी बसलेले दोन ठळक तारे आधी धरा, म्हणाल्या, मग तिथून सरळ डोक्याकडं या, सावकाश. आण्णांनी चाक आपल्या डोळ्याला जुळवून दुर्बीण फिरवली. जरा जास्तच फिरवली. आई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"हो. हो, दिसलं," आण्णा म्हणाले.

"खरं सांगा."

आण्णांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते, आवाज न करता, दुर्बीण डोळ्यांवर तशीच ठेवून.

"नाही दिसलं," ते म्हणाले. "परत दाखव."